'रझाकारी', 'ॲक्शन' आणि काचीगुड्यातला एक संपादक

उर्दूत 'रझाकार' म्हणजे स्वयंसेवक, स्वखुशीने काम करणारा. शब्द साधा आहे, अर्थही चांगला. पण उदगीर-निलंग्याकडच्या किंवा नांदेड-परभणीकडच्या जुन्या मराठी घरात तो उच्चारून बघा. आमची आजी शिवी म्हणून हाच शब्द वापरायची. पोरांनी अंगणात धुडगूस घातला की "काय रझाकारी लावलीय रे?" भाडेकरूने भाडं बुडवलं तरी रझाकारीच. शब्दकोशातला अर्थ मागे पडला आणि १९४७-४८च्या वर्षभराने दिलेला अर्थ चिकटून बसला. पुढे १९७१ नंतर बांगलादेशात याच शब्दाची अशीच गत झाली, तिथेही तो शिवी झाला.

आजीचा दुसरा शब्द होता 'ॲक्शन'. "तुझा थोरला काका ॲक्शनच्या साली झाला." ॲक्शन म्हणजे पोलीस ॲक्शन, सप्टेंबर १९४८. पंचांगात नसलेलं हे साल हैदराबाद संस्थानातल्या सगळ्या माणसांना ठाऊक होतं. मात्र 'ॲक्शनच्या आधी' काय झालं ते आजी तासन्‌तास सांगायची आणि 'ॲक्शनच्या नंतर' काय झालं ते विचारलं की "झाली थोडी गडबड" म्हणून पदर खोचून आत जायची.

आपल्या मंडळात हा निबंध वाचायचं ठरवलं तेव्हा या तीन शब्दांपासूनच सुरुवात करायची हे नक्की होतं. रझाकारी, ॲक्शन, गडबड. माणसं मारली गेली ती तिन्ही शब्दांत. पण एका शब्दात मेलेल्यांची नावं आपल्या हुतात्मा स्मारकांवर आहेत, दुसऱ्या शब्दातल्यांचे आकडे लष्कराच्या दप्तरात आहेत आणि तिसऱ्यातल्यांचा उल्लेखसुद्धा आपण मराठी माणसं करत नाही.

आधी मधला शब्द घेऊ. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्गमार्गे निघाली, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली. रणगाडे होते, टेम्पेस्ट विमानं होती, मोहिमेला 'ऑपरेशन पोलो' असं लष्करी नावही होतं. १७ तारखेला निझामाने हार मानली आणि १८ला जनरल एल इद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती पत्करली. रणगाडे घेऊन फिरणारे पोलीस जगात कुठे असतात, असा प्रश्न आमच्या वर्गात एका मुलाने विचारला होता आणि मास्तर नुसते हसले होते.

नाव 'पोलीस' असं का, याचं उत्तर कायद्यात आहे. लायक अलींच्या सरकारने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तार करून भारताविरुद्ध तक्रार केली होती. दोन राष्ट्रांमधलं युद्ध म्हटलं की ते परिषदेच्या कक्षेत येतं. आपल्या घरातला बंदोबस्त म्हटला की येत नाही. म्हणून 'पोलीस ॲक्शन'. यात एक गंमत आहे, आणि ती आपल्याकडच्या लिखाणात मी फारशी पाहिलेली नाही. हा शब्द वर्षभर आधी डच सरकारने इंडोनेशियात वापरला होता. जुलै १९४७मध्ये इंडोनेशियन प्रजासत्ताकावर सैन्य घालून त्याला डचांनी 'पोलिसी कारवाई' म्हटलं आणि तेव्हा त्या कारवाईविरुद्ध सुरक्षा परिषदेत जाणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलियाबरोबर भारतच पुढे होता. हैदराबादचा प्रश्न आणि इंडोनेशियाचा प्रश्न एक नव्हेत. चहूबाजूंनी भारताने वेढलेलं, बहुसंख्य प्रजेला विलीनीकरण हवं असलेलं संस्थान आणि समुद्रापलीकडची वसाहत यांची बरोबरी करणं चूक ठरेल. पण शब्द तोच होता आणि त्याचं कामही तेच होतं. आत काय चाललंय ते बाहेरच्याने विचारू नये, एवढ्यासाठी तो आणला होता.

शब्दांची ही ओढाताण त्या वर्षी रोज चालू होती. निझाम सरकार म्हणे, भारताने आमची नाकेबंदी केली आहे, औषधंसुद्धा येऊ देत नाहीत. दिल्ली म्हणे, नाकेबंदी वगैरे काही नाही. सरदार पटेल हैदराबादबद्दल बोलताना शरीरातल्या दुखण्याची, गळवाची उपमा देत आणि गळू म्हटलं की शस्त्रक्रिया ओघाने आलीच. इकडे मजलिसचे अध्यक्ष कासिम रझवी सभांमधून तलवारीची, रक्ताची, लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषा करत होते. रझवी हे लातूरचे वकील, हे मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. मार्च १९४८च्या अखेरीस शस्त्र-सप्ताहाच्या निमित्ताने त्यांनी केलेल्या भाषणाचा वृत्तान्त भारतातल्या वर्तमानपत्रांत आला, तेव्हा तो वृत्तान्त खरा की बनावट यावर दोन सरकारांत पत्रापत्री झाली. म्हणजे माणसं मरत होती खेडोपाडी आणि वाद होता तो भाषणातल्या वाक्यांवर. आजही आपल्याकडे यापेक्षा फार निराळं चालतं असं नाही.

खेडोपाडी काय चाललं होतं ते आपल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे आणि ते चांगलं लिहिलं आहे, हे आधी मान्य करायला हवं. बिलोलीचे गोविंदराव पानसरे ऑक्टोबर १९४६मध्येच मारले गेले. बिदर जिल्ह्यातल्या गोर्टा गावात मे १९४८मध्ये रझाकारांनी कत्तल केली. रझाकार गावावर रक्कम बसवत. दिली तर ठीक, नाही दिली की घरं लुटणं, जाळणं, बायकांची विटंबना. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात होते, बाकीचे सरहद्दीपलीकडच्या कँपांत. संस्थानातून मराठी वर्तमानपत्र धडपणे निघू शकत नव्हतं. आ. कृ. वाघमारे यांचं 'मराठवाडा' बंदी आली की नाव बदलून निघे, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. ही कहाणी आपल्याला पाठ आहे.

पाठ असलेल्या या कहाणीतही शब्दांकडे जरा बघा. ३० जानेवारी १९४८ला, म्हणजे दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. पैसा चळवळीकडे गेला, त्याचा हिशेब ठेवला गेला, आणि आपल्या पुस्तकांत हा प्रसंग पराक्रम म्हणून येतो. त्याच जानेवारीत बिबीनगर गावात रझाकारांनी लुटालूट केली, ती कोर्टात 'दरोडा' म्हणून उभी राहिली. रझवी यांना शिक्षा भोगावी लागली ती याच बिबीनगर प्रकरणात. दोन्ही प्रसंग सारखे आहेत असं मी म्हणत नाही. एकीकडे जुलमी सरकारची तिजोरी होती, दुसरीकडे गरिबांची घरं. पण लूट आणि दरोडा हे शब्द आपण कुठे लावतो आणि कुठे गाळतो, त्यावरून लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे हे पानभर अंतरावरून ओळखू येतं. मीही कोणत्या तरी बाजूला उभी आहेच. वाचणाऱ्याने तेवढं ध्यानात ठेवावं, इतकंच.

आता काचीगुड्याकडे येऊ.

काचीगुडा, सुलतान बाजार, चप्पल बाजार, गौळीगुडा हा आपला परिसर. मराठी शाळा, ग्रंथालय, गणपतीचे मांडव, चिवड्याची दुकानं सगळं याच पट्ट्यात. याच पट्ट्यात १९४७च्या नोव्हेंबरमध्ये 'इम्रोज' नावाचं उर्दू दैनिक सुरू झालं. इम्रोज म्हणजे 'आज'. संपादक शोएबुल्ला खान, मूळचे वरंगळकडचे, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. तिशीही गाठलेली नव्हती. त्याआधी ते 'तेज' या साप्ताहिकात लिहीत, त्यावर बंदी आली. मग मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रैयत'मध्ये गेले, तेही बंद पडलं. तेव्हा बुर्गुला रामकृष्णराव यांच्यासारख्यांच्या पाठबळावर त्यांनी स्वतःचं दैनिक काढलं.

ते काय लिहीत होते? हैदराबादने भारतात सामील व्हावं. प्रजेच्या हाती सत्ता द्यावी. रझाकारांनी चालवलेला धुमाकूळ हा इस्लाम नव्हे आणि मुसलमानांच्या हिताचाही नव्हे. हे सगळं उर्दूत, मुसलमान वाचकांसाठी, मजलिसचं मुख्यालय असलेल्या दारुस्सलामपासून काही मैलांवर बसून. आपल्या पुढाऱ्यांची भाषणं सोलापूर-पुण्याहून निघणाऱ्या पत्रकांत येत होती. शोएबुल्ला रात्री पायी घरी जाणारे संपादक होते.

ऑगस्ट १९४८मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी एक निवेदन काढलं. रझाकारांना आवरा, भारताशी समझोता करा, अशा अर्थाचं. सही करणाऱ्यांत फरीद मिर्झा होते. हे नांदेडकडे महसूल खात्यात अधिकारी होते. डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते न सोसून त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे म्हातारपणी आपल्या आठवणी पुस्तकरूपाने छापल्या. नांदेडच्या किती मराठी माणसांनी हे नाव ऐकलं आहे? सातजणांचं ते निवेदन 'इम्रोज'ने छापलं. त्यानंतर काही दिवसांत रझवी यांनी सभेत, आपल्याविरुद्ध उठणारे हात तोडले जातील, अशी भाषा केल्याचं त्या काळच्या अनेक आठवणींत येतं.

२१ ऑगस्टच्या रात्री शोएबुल्ला खान काम संपवून मेहुण्यासोबत घरी निघाले. काचीगुडा-लिंगमपल्लीच्या वाटेवर त्यांना गाठलं, गोळ्या घातल्या आणि हात तोडला. लिहिता हात. मेहुण्यावरही वार करून त्याचाही हात तोडला. शोएबुल्ला २२ तारखेच्या पहाटे गेले. लायक अलींची सुरक्षा परिषदेला गेलेली तार २१ ऑगस्टचीच. भारत आमच्यावर अन्याय करतो आहे असं सरकार जगाला सांगत होतं आणि त्याच रात्री त्याच सरकारच्या राजधानीत, सरकारने मोकळ्या सोडलेल्या टोळीने एका संपादकाला रस्त्यात मारलं.

सभेतलं वाक्य आणि चौरस्त्यावरचा खून यांचा संबंध कोर्टात कितपत सिद्ध होतो हा वकिलांचा विषय आहे. सभेतला माणूस म्हणतो, मी नुसतं बोललो. गोळी घालणारा म्हणतो, मी ऐकलं. रझवी यांना पुढे बिबीनगरसाठी शिक्षा झाली, १९५७मध्ये सुटले, पाकिस्तानात गेले आणि १९७०मध्ये कराचीत वारले. 'इम्रोज' मात्र संपादकाबरोबरच संपल्यासारखा झाला.

माझ्या कपाटात सतरा सप्टेंबरच्या निमित्ताने निघालेल्या दहा-बारा मराठी स्मरणिका आहेत. शोएबुल्लांचं नाव चार ठिकाणी येतं, प्रत्येक ठिकाणी एका ओळीत: 'रझाकारांनी राष्ट्रवादी मुस्लिम पत्रकाराचीही हत्या केली.' तो 'ही' बघा. आपल्या कहाणीला दुजोरा म्हणून त्यांना बोलावलं, पुरावा घेतला आणि रवाना केलं. उलट ज्या घरांत १७ सप्टेंबरला 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणजे हैदराबादचा पाडाव म्हणतात, तिथे त्यांचं नाव काढणं अनेक वर्षं अवघड होतं, कारण ते भारतात चला म्हणत होते. काचीगुड्यात मराठी वस्तीच्या मधोमध पडलेला हा माणूस कोणाच्याच गोष्टीत नीट बसत नाही.

निझामाचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण मोठ्या माणसांची भाषा किती झपाट्याने फिरते याचा तो नमुना आहे. २३ सप्टेंबरला मीर उस्मान अली खान रेडिओवर बोलले. भाषण जगाला, विशेषतः मुसलमान देशांना उद्देशून होतं. त्यात ते म्हणाले की रझवींच्या एका लहानशा टोळीने पंतप्रधान छत्तारींच्या घराला वेढा घालून हिटलरच्या जर्मनीसारख्या रीतीने राज्य बळकावलं आणि आपल्याला अगदी असहाय करून टाकलं. घराला वेढा पडला होता हे खरं, ऑक्टोबर १९४७ची गोष्ट. पण त्यानंतरचे अकरा महिने ज्यांच्या फर्मानांनी कारभार चालला ते हेच. गोर्ट्याच्या वेळी, शोएबुल्लांच्या खुनाच्या वेळी रेडिओ होताच की. निझाम पुढे १९५६पर्यंत राजप्रमुख राहिले. सगळं पाप रझवींच्या नावे लिहून खातं बंद झालं. हे दिल्लीलाही सोयीचं होतं आणि किंग कोठीलाही.

राहिला तिसरा शब्द, गडबड.

ॲक्शन पाच दिवसांत संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. दिल्लीला बातम्या पोचू लागल्या. नेहरूंनी नोव्हेंबरमध्ये संस्थान खात्याला लिहिलं की यातला थोडा भाग जरी खरा असेल तरी आपल्याला सांगितलं गेलं त्यापेक्षा परिस्थिती फारच वाईट आहे. मग पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या शिष्टमंडळाला हैदराबादला धाडण्यात आलं. सुंदरलाल गांधींच्या वर्तुळातले. काझीसाहेब तर हैदराबादेतच 'पयाम' हे उर्दू दैनिक चालवलेले संपादक. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते फिरले. सोळापैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची ठाणी, एकवीस शहरं, तेवीस मोठी खेडी, शिवाय आणखी १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांच्या मुलाखती.

त्यांचा अंदाज असा: अगदी हात राखून सांगायचं तर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून १८ हजारांपेक्षा कमी नाहीत. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारांत किमान पाच हजार. यादी वाचताना लक्षात येतं की निम्मी नावं मराठी मुलखातली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझवींचं गाव, आणि कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ. अहवाल म्हणतो, तिथे वीस दिवसांवर मारझोड आणि हत्या चालू होत्या. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती होती, शिष्टमंडळ पोचलं तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. लातूरच्या त्या व्यापाऱ्यांपैकी किती जण रझाकार होते? रझवी लातूरचे होते, एवढं कारण पुरलं.

अहवाल एकांगी नाही, हे वाचल्याशिवाय बोलणाऱ्यांसाठी सांगते. रझाकारांच्या खंडणीचं, जाळपोळीचं वर्णन त्यात आहे. काही ठिकाणी लष्करातल्या माणसांनी कत्तलीत भाग घेतल्याचं आहे, तसंच जनरल चौधरींच्या मनात जातीय आकस नसल्याचंही आहे. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना लपवणाऱ्या हिंदूंचे दाखले आहेत. त्यात विणकरांचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो: हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये ही ओढ जास्त दिसली. मागावर बसणाऱ्याला कोणी भाषण देऊन हे शिकवलं नव्हतं.

या अहवालाचं काय झालं? पटेलांनी हे शिष्टमंडळ सरकारी मानायलाच नकार दिला. कागद बंद झाले. १९५०मध्ये विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी एका परदेशी नियतकालिकात हैदराबादच्या मुसलमानांवर लेख लिहिला. १९८८मध्ये उमर खलिदी यांनी संपादित केलेल्या पुस्तकात अहवालाचा भाग आला. पुढे ए. जी. नूरानी यांनी तो लोकांपुढे आणला आणि २०१३च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो पाहता येऊ लागला. म्हणजे पासष्ट वर्षं. हे सगळं इंग्रजीत झालं. त्या आठ जिल्ह्यांपैकी चार ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत काय झालं, हा माझा प्रश्न आहे.

आकड्यांवर वाद आहे आणि असायला हरकत नाही. तीन आठवड्यांत नऊ जिल्हे फिरून काढलेला तो अंदाज आहे, जनगणना नव्हे. कोणी कमी म्हणतं, कोणी दोन लाख म्हणतं. दोन लाखांच्या आकड्याला मला आधार दिसत नाही आणि 'काहीच झालं नाही' याला तर मुळीच नाही. मंडळात यावर बोलणं झालं तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारलं, "अहो, पण सुरुवात कोणी केली?" दुसरे म्हणाले, "आता पंचाहत्तर वर्षांनी हे उकरून काय मिळणार? उद्या पेपरवाले एवढंच छापतील." पेपरवाले तसं छापतील, ही भीती खोटी नाही. सतरा सप्टेंबर जवळ आला की हल्ली वाहिन्यांवर रझाकार हा शब्द १९४८च्या माणसांसाठी कमी आणि आजच्या शेजाऱ्यांसाठी जास्त वापरला जातो. दुसऱ्या बाजूचे वक्ते सुंदरलाल अहवालाचे आकडे सांगतात आणि गोर्ट्याचं नाव घेत नाहीत. दोघांनाही आपापल्या मेलेल्यांचा उपयोग आहे.

पण सुरुवात कोणी केली, या प्रश्नाला माझं उत्तर असं की सुरुवात रझाकारांनी केली, आणि लातूरच्या पेठेतल्या कापडवाल्याने केली नव्हती. पहिलं वाक्य म्हणायला आपल्याला काहीच जड जात नाही. दुसरं म्हणताना घसा सुकतो. आजी पदर खोचून आत का जायची, ते मला आता कळतं असं वाटतं. तिने काय पाहिलं होतं ते तिने सांगितलं नाही, आम्ही पुरतं विचारलंही नाही.

सतरा सप्टेंबरच्या नावाचंच बघा ना. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात आधी हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन, २०१९पासून कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात २०२२ला राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटलं, त्याच वर्षी केंद्राने परेड मैदानावर हैदराबाद मुक्ती दिन साजरा केला आणि २०२४ला नव्या राज्य सरकारने त्याला प्रजा पालन दिन केलं. एकाच सकाळी एकाच शहरात दोन झेंडावंदनं, दोन नावं. मुन्शींच्या पुस्तकाच्या नावात युगाचा अंत आहे, लायक अलींच्या नावात शोकांतिका, स्वामीजींच्या नावात स्वातंत्र्यलढा. तिघांनीही एकाच आठवड्याबद्दल लिहिलं आहे.

मला स्वतःला 'मुक्ती' हा शब्द सोडायचा नाही. निझामी राजवटीत मराठी, तेलुगू, कानडी प्रजेला जे सोसावं लागलं त्यातून ती मुक्तीच होती आणि तिच्यासाठी ज्यांनी तुरुंग भोगले त्यांचं ऋण मोठं आहे. माझं म्हणणं इतकंच की 'गडबड' हा शब्द सोडावा. कत्तल झाली असेल तिथे कत्तल लिहावं, गोर्ट्यालाही आणि लातूरलाही. गावाचं नाव, महिना, मारले कोणी, वाचवलं कोणी, एवढं लिहिता आलं तरी खूप.

मंडळाच्या पुढच्या कामासाठी दोन विनंत्या. ऑगस्ट ते डिसेंबर १९४८ या काळातली मराठी किंवा उर्दू वर्तमानपत्रं, विशेषतः 'इम्रोज'चा एखादा अंक, पत्रकं, पत्रं कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. कागद कितीही पिवळा असो, फोटो काढून पाठवा. आणि घरात नव्वदीच्या आसपासचं कोणी असेल तर त्यांना ॲक्शनच्या आधीचं विचाराल तसं नंतरचंही विचारा. बोलायचं नसेल तर आग्रह नको. बोलले तर त्यांचे शब्द आहेत तसेच उतरवून घ्या, गडबड म्हणाले तर गडबडच, खाली तारीख आणि गावाचं नाव घालून. काचीगुडा चौरस्त्यावरच्या जुन्या दुकानदारांकडे मी चौकशी सुरू केली आहे. शोएबुल्ला नेमके कुठे पडले, त्याबद्दल तिघांनी तीन जागा दाखवल्या.